दोन सीटांच्या गाडीत स्की कशी न्यायची: म्युनिकहून आल्प्सला निघणाऱ्यांसाठी

माझी गाडी माझ्दा एमएक्स-५ आहे. लांबी ३.९१ मीटर, रुंदी १.७३ मीटर, सीट दोन, छप्पर कापडी आणि डिकी १३० लिटरची, म्हणजे गावाकडे पाणी साठवायला ठेवतात त्या दोनशे लिटरच्या पिंपापेक्षाही लहान. म्युनिकमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी ही गाडी पाहतात आणि विचारतात, "हिच्यात स्की मावते?" मावते. पण नुसती मावून भागत नाही, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिश या स्कीच्या गावाहून परत येत होते. ए-९५ या महामार्गावर पुढच्या गाड्यांचे लाल दिवे अचानक लागले, मी जोरात ब्रेक दाबला आणि शेजारच्या सीटवर नुसत्या आडव्या टेकवलेल्या स्की घसरत पुढे येऊन गिअरच्या दांड्यावर आदळल्या. पुढच्या क्षणी मला गिअर बदलायचा होता आणि हात घालायला जागा नव्हती. कुणाला लागलं नाही. त्या दिवसापासून मात्र सामान बांधल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही, आणि म्हणून हा लेख मापापासून सुरू होत असला तरी त्याचा जास्तीत जास्त भाग बांधण्याबद्दल आहे.

थोडं गणित मांडते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. टक्कर झाली आणि गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या जवळपास वीसपट जोर येतो. बाइंडिंगसकट (बूट ज्यात अडकतो ती स्कीवरची पकड) एक स्कीजोड साधारण ६ किलोचा असतो. त्याचे झाले १२० किलो, आणि तेही धार लावलेल्या पोलादी कडांचे. मोठ्या गाडीत स्की मागे असतात आणि आपण पुढे. आपल्या गाडीत त्या खांद्याला खांदा लावून बसतात.

पहिलं काम: टेप काढा

स्की विकत घेण्याआधी गाडी मोजा. शेजारची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ जितकी कलते तितकी कलवा. आता त्या सीटसमोर पाय ठेवायची जी जागा आहे, तिच्या सगळ्यात पुढच्या तळकोपऱ्यापासून सीटच्या पाठीवरून मागच्या काचेखालच्या कोनाड्यापर्यंत टेप ताणून धरा. छप्पर बंद ठेवूनच मोजायचं. जो आकडा येईल त्यातून १० सेंटिमीटर वजा करा, कारण काचेला आणि छपराच्या कापडाला टोक लागता कामा नये. उरलं ते तुमचं माप.

टेपवर भरवसा नसेल तर गालिचा ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतो तशी नळी स्कीच्या लांबीची कापून गाडीत घालून बघा. टेप हवेतून सरळ जातो, नळीला मात्र हँडब्रेक, सीटची कड आणि डोकं टेकायची उशी चुकवावी लागते. दोन आकड्यांत फरक पडतो तो इथे.

नवशिक्यांच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. शिकायला लहान स्की बऱ्या, साधारण हनुवटी ते नाक एवढ्या उंचीच्या. तुम्ही १६५ सेंटिमीटर असाल तर १५० ते १५५ ची स्की पुरते. माझी स्की १६३ ची आहे आणि माझ्या गाडीत ती जेमतेम बसते. १८० ची स्की घेऊन अशा गाडीत घालायच्या फंदात पडू नका.

एकटे जाणार की दोघं?

इथे स्पष्ट बोलते. दोन माणसं आणि दोघांच्या स्की एमएक्स-५ च्या आत सुरक्षितपणे जात नाहीत. दोन सीटांच्या मधून स्की आरपार घातलेले फोटो सापडतात. त्या फोटोंत चालकाचा उजवा हात कुठे आहे ते बघा. जर्मनीत गिअर उजव्या हाताने टाकायचा, आणि स्की नेमक्या त्याच हाताच्या वाटेत.

छप्पर उघडून शेजारच्या सीटवर उभ्या केलेल्या स्कींचे फोटोही दिसतात. दिसायला छान असतात. पण उभ्या स्कीला वरच्या टोकाकडे बांधायला गाडीत काहीच नसतं, आणि ताशी १०० च्या वाऱ्यात ते टोक सतत हलत राहतं. हे करू नका.

दोघं असाल तर तीन वाटा आहेत. एक, डिकीवर रॅक लावायचं (त्याबद्दल पुढे). दोन, बूट आपले न्यायचे आणि स्की डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने घ्यायच्या. पहिल्या दोन हिवाळ्यांसाठी मला हीच वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. पायाला नीट बसलेला बूट रोज नवा मिळत नाही, स्की मात्र कुठेही मिळते, आणि शिकता शिकता लांबी बदलत नेता येते. तीन, एकाने आगगाडीने यायचं. म्युनिकहून गार्मिश-पार्टेनकिर्शेनला थेट गाडी आहे, वेळ साधारण सव्वा ते दीड तास. लेंग्रीसलाही आगगाडी जाते, तिथून ब्राउनेक या स्कीच्या डोंगराच्या लिफ्टपर्यंत, म्हणजे वर नेणाऱ्या पाळण्यांपर्यंत, फारसं अंतर नाही. स्की घेऊन डब्यात चढणाऱ्याकडे इकडे कुणी वळूनही बघत नाही.

तुमच्याकडे टोयोटा जीआर८६ किंवा ऑडी टीटी कूपेसारखी, मागची सीट पाडता येणारी गाडी असेल तर काम बरंच सोपं आहे. सीट पाडायची, डिकीतून स्की आत सारायच्या, बांधायच्या. जीआर८६ च्या आधीच्या पिढीत तर मागची सीट पाडली की शर्यतीचे चार टायर बसावेत असा विचार आखणीतच केलेला होता. पोर्शे ९११ च्या छपराला कंपनीचं रॅक बसवता येतं. बांधण्याचे पुढचे नियम या सगळ्या गाड्यांनाही लागू आहेत.

स्की एकमेकींना बांधा

दोन सुट्या स्की म्हणजे चार टोकं. बांधल्या की एकच वस्तू होते.

दोन्ही स्कींचे तळ समोरासमोर धरा. बाइंडिंगच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचे जे दांडे बाहेर आलेले असतात ते एकमेकांत अडकेपर्यंत एक स्की दुसरीवर किंचित सरकवा. ते अडकले की मधोमध पकड बसते. मग टोकाजवळ (पुढची वळलेली बाजू) आणि शेपटीजवळ (मागची सपाट बाजू) एकेक स्की-पट्टा गुंडाळा. हे पट्टे दुकानात अगदी स्वस्त मिळतात, आणि दोन तळांच्या मध्ये राहणारा त्यांचा रबरी तुकडा कडांना एकमेकींवर घासू देत नाही. नुसत्या सुतळीवर भागवू नका, ओली झाली की तिची गाठ सैल पडते.

आता टोकांवर एक जुना जाड लोकरी मोजा चढवा आणि कडांच्या लांबीभर जुनी चादर गुंडाळा. माझ्याकडे नाशिकहून आणलेली एक जुनी गोधडी आहे, ती या कामासाठीच ठेवली आहे. स्कीची पिशवी असेल तर उत्तम, पण पिशवीचं कापड पातळ असतं. धारदार कड सीटच्या शिवणीवर तासभर घासत राहिली तर शिवण उसवते.

काठ्या वेगळ्या बांधा. त्या ११० ते १२५ सेंटिमीटरच्या असतात, कुठेही बसतात. त्यांची लोखंडी अणकुचीदार टोकं मात्र नेहमी पुढे, जमिनीकडे.

आत ठेवणं

शेपटी पुढे, टोकं मागे. शेपटी सपाट असते, ती पायांच्या जागेत खाली टेकते. वळलेलं टोक तिथे अडकून बसतं आणि काढताना डॅशबोर्ड ओरबाडतं.

१. शेजारची सीट पूर्ण मागे घ्या आणि पाठ कलवा. पायांच्या जागेत पुढच्या भिंतीशी एक घडी घातलेला टॉवेल ठेवा.

२. दार पूर्ण उघडून, टोकं आधी आत घेत, स्कीजोड तिरका घाला. टोकं सीटच्या पाठीवरून मागच्या कोनाड्याकडे जाऊ द्या, मग शेपटी खाली उतरवा आणि टॉवेलवर घट्ट टेकवा. पुढे सरकायला बोटभरही जागा उरता कामा नये. उरली तर आणखी एक टॉवेल. ब्रेक दाबल्यावर स्की पुढे जाणार हे नक्की आहे, मग तिला धाव घ्यायला अंतरच द्यायचं नाही.

३. शेपटी दाराकडच्या कोपऱ्यात असू द्या. टोकं मागे थोडी मधल्या बाजूला आली तरी चालतील, पण तुमच्या खांद्याच्या पुढे आणि डोक्याजवळ काहीही येता कामा नये.

४. सीटचा पट्टा स्कींभोवती एक वेढा देऊन लावा. तेवढ्यावर थांबू नका. हा पट्टा झटका बसला की अडतो, पण हळू ओढला तर मोकळा सुटत राहतो, म्हणजे वळणावळणांच्या घाटात तो हळूहळू ढिला होतो. म्हणून बकलचा ओढून घट्ट होणारा एक वेगळा पट्टा घ्या, दीड-दोन मीटरचा. तो सीटच्या खालच्या लोखंडी चौकटीतून काढून स्कींवरून आवळा. दुसरा तसाच पट्टा सीटच्या पाठीला, वरच्या बाजूला.

५. आता स्की पकडून पुढे, मागे आणि वर जोराने हलवा. गाडी हलली आणि स्की हलली नाही, तर बांधणी झाली.

६. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. पाचवा आणि सहावा विशेष बघा, कारण तेव्हा हात उजवीकडे, म्हणजे स्कींच्या बाजूला जातो. हँडब्रेकही ओढून बघा. उजवीकडचा आरसा दिसतो का ते चालकाच्या सीटवर बसूनच तपासा.

शेजारच्या सीटच्या एअरबॅगचं काय करायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत वाचून ठेवा. किल्लीने बंद करायची सोय असेल तर स्की असताना ती बंद करा.

स्नोबोर्ड

स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांसाठी मिळून एकच रुंद फळी, लांबीने सोपा आणि रुंदीने अवघड. १५४ चा बोर्ड लांबीत सहज बसतो, पण बाइंडिंगसकट तो वीतभराहून जास्त उंच होतो आणि सीटवर डुगडुगतो. बाइंडिंग काढून टाका. बहुतेक बोर्डांवर प्रत्येक बाइंडिंगच्या मधल्या चकतीला चार स्क्रू असतात, काही प्रकारांत दोन. त्याला मोठ्या तोंडाचा, तीन नंबरचा स्क्रूड्रायव्हर लागतो. लहान तोंडाचा वापरलात तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि पायथ्याशी थंडीत उभं राहून ते काढणं फार त्रासाचं होतं.

काढण्याआधी चकतीवरचे अंशांचे आकडे दिसतील असा फोटो घ्या. स्क्रू चेनच्या छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी बाइंडिंगच्याच पट्ट्यात अडकवून ठेवा. परत बसवल्यावर उतारावर दोन फेऱ्या मारून स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे. नव्याने बसवलेले स्क्रू थोडे ढिले पडतात, आणि अर्ध्या उतारावर एका पायाचं बाइंडिंग फिरलं तर पडणं ठरलेलंच.

बाइंडिंग काढलेला बोर्ड म्हणजे एक फळी. ती सीटच्या पाठीला समांतर, सपाट बाजू सीटकडे ठेवून, वर सांगितलेल्याच दोन पट्ट्यांनी आवळा.

डिकीवरचं रॅक

कापडी छपरावर काहीही बसत नाही. उरते डिकीचं झाकण. इथे दोन प्रकार मिळतात: झाकणाच्या कडांना हुक लावून पट्ट्यांनी आवळायचं रॅक, आणि हवा काढून चिकटणारे मोठे रबरी कप.

दोन्हींचा शत्रू एकच, रस्त्यावर टाकलेलं मीठ. हिवाळ्यात बव्हेरियातले रस्ते खारट चिखलाने भरलेले असतात. त्या चिखलाचे कण रॅकच्या पायाखाली अडकले तर सँडपेपरसारखं काम करतात. रॅक लावण्याआधी झाकण धुऊन कोरडं करायचं. मी पायांच्या जागी पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घेतली आहे. कपांसाठी तर स्वच्छता आणखी महत्त्वाची, कारण केसाएवढ्या कणामुळेही हवा आत शिरते. अशा कपांच्या पंपावर रंगीत रेषा असते. ती दिसू लागली की पकड कमी झाली. निघताना, पहिल्या दहा किलोमीटरनंतर आणि प्रत्येक थांब्यावर ती बघायची.

आता कायदा. जर्मनीत सामान असं बांधलेलं असावं लागतं की जोराचा ब्रेक किंवा अचानक वळण घेतलं तरी ते हलणार नाही. नंबरप्लेट आणि दिवे झाकलेले चालत नाहीत. एमएक्स-५ चा तिसरा ब्रेकदिवा डिकीच्या झाकणावरच आहे, रॅक विकत घेतानाच तो झाकला जातो का ते बघा. आणि एक नियम आपल्यासाठी फार महत्त्वाचा: सहज नजरेस न येणाऱ्या वस्तू, म्हणजे दांडे किंवा आडव्या फळ्या, गाडीच्या बाजूला अजिबात बाहेर येता कामा नयेत. डिकीवर स्की आडव्या ठेवल्या तर १.७३ मीटर ही गाडीची रुंदी हीच तुमची मर्यादा. माझ्या १६३ च्या स्कीला दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर उरतात. १८० ची स्की बाहेर येते, आणि अंधारात शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराला ती दिसत नाही.

वेगाची मर्यादा रॅकच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. ए-९५ वर बऱ्याच भागात वेगाला बंधन नाही, बाकीच्या गाड्या सुसाट जातात. त्यांना जाऊ द्या. बाहेर बांधलेल्या स्की पिशवीत घाला, नाहीतर बाइंडिंगच्या स्प्रिंगांत मीठ शिरतं. जेवायला थांबलात तर कुलपाची तार लावा.

बूट, हेल्मेट, डबा

डिकीत कडक बॅग नेऊ नका, मऊ पिशव्या न्या. त्या कोपऱ्यांत चेपतात. हेल्मेट उलटं ठेवून त्याच्यात हातमोजे, गॉगल आणि जादा मोजे भरा. कपडे डोंगरावर घालायचे तेच घालून निघा, जॅकेट तेवढं डिकीत.

बूट मात्र आत, शेजारच्या पायांच्या जागेत, स्कीच्या शेपटीला लागून घट्ट बसवा. त्याने शेपटीला आणखी टेकू मिळतो आणि बूट हीटरच्या वाऱ्यात राहतात. रात्रभर गारठलेल्या डिकीतले बूट दगडासारखे कडक होतात, त्यात पाय घालताना डोळ्यांत पाणी येतं. चालकाच्या पायांशी मात्र काहीही ठेवायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. आणि स्कीचे बूट घालून गाडी चालवायची नाही, पार्किंगमधल्या पार्किंगमध्येही नाही. त्या बुटात पेडल कळतच नाही.

दशम्या आणि चहाचा थर्मास मी दाराच्या कप्प्यात ठेवते. वरच्या उपाहारगृहातलं जेवण महाग पडतं, आणि लिफ्टवर बसून खाल्लेल्या दशमीची चव वेगळीच.

टायर

एमएक्स-५ हलकी आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. चांगल्या हिवाळी टायरांवर ती बर्फात नीट चालते. उन्हाळी टायरांवर ती पार्किंगमधूनही बाहेर पडत नाही.

जर्मनीत बर्फ, बर्फाळ चिखल किंवा निसरडं असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्हच ग्राह्य धरतात. नुसती एम आणि एस ही अक्षरं आता पुरत नाहीत. जुनी गाडी विकत घेताना सोबत मिळालेले टायर म्हणूनच तपासा. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर लागतात, आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. इकडचे लोक 'ऑक्टोबर ते ईस्टर' असं साधं सूत्र पाळतात, तुम्हीही पाळा.

साखळ्या मागच्या चाकांना, म्हणजे इंजिनाची ताकद जाते तिकडे लावायच्या, आणि त्या लावल्यावर ताशी ५० च्या वर जायचं नाही. तुमच्या टायरच्या मापावर साखळी चालते का हे गाडीच्या पुस्तिकेत बघा, चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा फार कमी असते. लावायचा सराव घरी, कोरड्यात करा.

गाडी बुटकी आहे, हे बर्फात विसरू नका. चाकोऱ्यांच्या मधला बर्फाचा उंचवटा मोठ्या गाड्यांना कळतही नाही, आपल्या गाडीचं पोट त्यावर टेकतं. रात्री भरपूर पडून गेलं असेल आणि रस्ता अजून साफ झाला नसेल तर मी तासभर उशिरा निघते.

परतताना

संध्याकाळी सगळं ओलं असतं, माणूस दमलेला असतो, आणि बांधणी ढिली राहते ती नेमकी याच वेळी. सकाळी जितका वेळ दिला तितकाच आताही द्या.

स्कींवरचा बर्फ झटका, टॉवेलने पुसा, मगच आत घ्या. छपरावर बर्फ साठला असेल तर मऊ ब्रशने किंवा हाताने काढा, कापडावर खरवडणी चालवू नका. गोठलेलं छप्पर उघडू नका. एवढ्याशा जागेत ओले कपडे आले की काचा आतून धुरकटतात. हीटरसोबत एसी चालू ठेवा, तो हवेतला दमटपणा काढून घेतो. आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण बंद असू द्या.

घरी पोचलात की कितीही कंटाळा आला तरी स्की पिशवीतून काढा, पट्टे सोडा, कडा कोरड्या फडक्याने पुसून भिंतीला टेकवून ठेवा. मी पहिल्या वर्षी ओल्या स्की पिशवीतच ठेवल्या, आठवडाभराने कडांवर तांबूस गंज चढलेला होता. बुटांची आतली अस्तरं काढून रेडिएटरच्या जवळ, पण त्याला न टेकवता, वाळत घाला.

मग एकदा खाली जाऊन या. रॅक असेल तर ते काढून झाकण पुसून घ्या. आणि शेजारच्या सीटची एअरबॅग बंद केली होती ना, ती किल्ली पुन्हा चालूवर फिरवा. उद्या तिथे कुणीतरी बसणार आहे.